कोळंबीचा काळा डाग

बर्फात ठेवलेली कोळंबी दोन-तीन दिवसांत डोक्याकडून काळी पडायला लागते. आधी डोकं धडाला जुळतं तिथे, मग पायांच्या मुळाशी, मग कवचाच्या कडांवर आणि शेपटीच्या टोकाला. गिऱ्हाईक नाक मुरडतं, भाव उतरतो, आणि ‘माल गेला’ असं सगळेच धरून चालतात. खरं तर हा डाग सडण्याचा नव्हे. जंतूंचा त्यात हात नसतो, आणि खाणाऱ्याला त्यापासून अपायही नसतो. शास्त्रज्ञ याला मेलॅनोसिस म्हणतात. तो घडवून आणणारं एन्झाइम कोळंबीचं स्वतःचंच असतं.

पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे त्याचं नाव. जिवंतपणी कोळंबीचं त्याच्यावाचून चालत नाही. वाढताना ती जुनं कवच टाकते, तेव्हा आतलं मऊ कवच टणक करायला ते लागतं. कुठे जखम झाली की तिथे मेलॅनिनचा काळा थर चढवून जंतूंची वाट बंद करायलाही तेच लागतं. आपल्या रक्तातल्यासारखी प्रतिपिंडं कोळंबीकडे नाहीत. हा काळा थर म्हणजे तिच्या बचावाचा एक मोठा भाग. ती मेली की पेशी फुटतात, डोक्यातल्या ग्रंथीतले पाचक रस मोकळे होतात आणि इतका वेळ आवरून धरलेलं हे एन्झाइम कामाला लागतं. जणू सगळं अंगच एक जखम आहे आणि ती भरून काढायची आहे. बर्फाने त्याचा वेग मंदावतो, पण ते थांबत नाही. कडक गोठवलं तर थांबतं, आणि बर्फ वितळला की पुन्हा सुरू. हे वाचल्यापासून त्या डागाकडे मला किळसेने बघता येत नाही. मालकीण गेली तरी पहारा सोडायला तयार नसलेलं काहीतरी तिथे आहे.

बाजाराला मात्र या कौतुकाशी देणंघेणं नाही. त्याला कोळंबी पांढरी हवी. त्यासाठी गेली कित्येक दशकं सोडियम मेटाबायसल्फाइट वापरलं जातं. स्वस्त, हुकमी, चिमूटभरात काम. पण दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट सोसत नाही, म्हणून युरोप-अमेरिकेत किलोला 10 मिलिग्रॅमहून जास्त सल्फाइट असेल तर तसं वेष्टनावर छापावं लागतं. याची दुसरी बाजू फार कमी जणांना ठाऊक असते. ही पूड ओली झाली की सल्फर डायऑक्साइड सुटतो. बोटीच्या बंद खणात त्या वायूने खलाशी गुदमरून मेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ताटातली कोळंबी पांढरी दिसावी म्हणून कुणाची तरी फुप्फुसं खर्ची पडावीत, हा हिशेब कुठल्याच बाजूने जुळत नाही.

म्हणून संशोधक झाडांकडे वळले. द्राक्षाच्या बिया, डाळिंबाची साल, चहाची पानं, धान्याच्या कोंड्यातलं फेरुलिक आम्ल. यातली फिनॉल वर्गातली संयुगं दोन तऱ्हांनी काम करतात. त्या एन्झाइमच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू असतात आणि सगळी करामत त्यांची. काही संयुगं त्या तांब्यालाच धरून ठेवतात. काही वेगळा डाव खेळतात : काळा रंग बनण्याच्या अर्ध्या वाटेवर आलेल्या रेणूला पुन्हा मूळ रूपात लोटतात.

यातली चहाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. चहाच्या पानातही याच घराण्यातलं एन्झाइम असतं. पान चुरगाळून त्याला मोकळं सोडलं की आपला रोजचा काळा चहा होतो. खुडल्यावर लगेच वाफ किंवा आच देऊन त्याला मारलं की ग्रीन टी राहतो, आणि त्यातली कॅटेचिन शाबूत राहतात. एका झाडाचं काळं होणं थांबवून वाचवलेलं द्रव्य एका प्राण्याचं काळं होणं थांबवायला कामी येतं.

थायलंडमधल्या हाट याई इथल्या प्रिन्स ऑफ सोंगखला विद्यापीठात पांढऱ्या कोळंबीवर, म्हणजे आपल्याकडेही तळ्यांत वाढवतात त्या व्हॅनामीवर, असं बरंच काम झालं आहे. तिथे चहाच्या अर्कातून आधी हरितद्रव्य काढून टाकावं लागलं, नाहीतर काळी नको म्हणून कोळंबी हिरवी व्हायची. त्याच संशोधकांनी सुबाभळीच्या बियांचा अर्कही वापरून पाहिला. त्यातलं मिमोसिन हे द्रव्य एन्झाइमला अडवतं. आता सुबाभूळ म्हणजे आपल्या बांधाबांधावरची. तिचा पाला जनावराने फार खाल्ला तर त्याचे केस गळतात, आणि ते याच मिमोसिनमुळे. झाडाने ही द्रव्यं आपल्या सोयीसाठी बनवलेली नाहीत, स्वतःच्या बचावासाठी बनवली आहेत. तेव्हा ‘झाडातलं’ म्हणजे आपोआप ‘निर्धोक’ असं मानायला मी तयार नाही. किती मात्रा, कुठल्या भागाचा अर्क, हे प्रश्न सल्फाइटला विचारतो तसेच सुबाभळीलाही विचारायला हवेत. द्राक्षाचं बी किंवा चहा यांच्याबद्दल मन पुष्कळ निवांत असतं, एवढाच फरक.

आपल्या कोकणातल्या घरांत या डागाने कधी कुणाची झोप उडवली नसावी. कोळंबी घरी आली की बऱ्याचदा आधी डोकं जातं, पाठीतला काळा दोरा जातो, मग हळद, तिखट, कोकमाचं आगळ. उरलासुरला डाग त्या रंगांत कुणाला दिसणार? आणि घेतानाही जाणती बाई नुसत्या रंगावर जात नाही. डोकं धडाला घट्ट आहे की लोंबतंय, कवच अंगाला चिकटून आहे की सुटलंय, वास समुद्राचा आहे की अमोनियाचा, हे ती आधी बघते. काळ्या डागाचं खरं भय आहे ते डोक्यासकट अख्खी कोळंबी परदेशी पाठवणाऱ्याला, कारण तिथे ती तशीच अख्खी ताटात येते.

ज्याचं पोट या धंद्यावर आहे, त्याच्या हातात सल्फाइटऐवजी द्राक्षाच्या बियांचा अर्क आला तर मला आनंदच आहे. बोटीवरच्या माणसाला तर आधी यावा. पण एक शंका उरते. तो डाग दिवस मोजणारी एक ओबडधोबड खूणही होता. तो पुसला की कोळंबी आठवडाभर तरुण दिसेल, आणि शीतपेटीसमोर उभ्या गिऱ्हाइकाला ना डोकं ओढून बघता येणार, ना वास घेता येणार. पाकिटावर ‘नैसर्गिक’ असं हिरव्या अक्षरांत जरूर छापा. पण त्याच आकाराच्या अक्षरांत, ही कोळंबी पाण्याबाहेर काढली ती तारीखही छापा.