उचल

थंडी पडू लागली की पुण्यातली बरीच कुटुंबे एखाद्या रविवारी सोलापूर रस्त्याने भिगवणला जातात. उजनी धरणाच्या फुगवट्यावर उतरलेले रोहित पक्षी पाहायचे आणि परतताना खानावळीत तळलेली चिलापी खायची, असा तो बेत असतो. मीही गेलो आहे आणि चवीने जेवलो आहे. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे लिहिणे उपदेशाचे वाटायचे.

त्याच पाण्यावर मासेमारीसाठी आणलेल्या कातकरी कुटुंबांची वेठबिगारीतून सुटका झाल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत वृत्तपत्रांत आल्या. अशा व्यवहाराची रीत जुनीच आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, कोणी आजारी पडते, आणि नेमका त्याच वेळी मुकादम पाड्यावर येऊन उचल देतो. उचल म्हणजे आगाऊ पैसे. शब्द मोठा नेमका आहे, कारण पैशांबरोबर माणूसही उचलला जातो. मग घर सोडून जायचे, नवराबायकोने मिळून राबायचे आणि हिशेब धन्याच्या वहीत राहायचा. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या कर्जाची ती वही!

यावर शहाणी माणसे म्हणतात, "त्याने आपण होऊन पैसे घेतले ना? मग सक्ती कसली?" प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही. दिलेला शब्द पाळावा, हे आपणच मुलांना शिकवतो. पण शब्द देताना ज्याला 'नाही' म्हणता येत नव्हते, त्याच्या 'हो'ची किंमत काय? 1982 साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. सक्ती केवळ दंडुक्याची नसते. भूक आणि दारिद्र्य माणसापुढे दुसरा मार्ग ठेवत नाहीत तेव्हा तीही सक्तीच. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम राज्यघटनेच्या 23व्या कलमाखाली वेठच ठरते, असे न्यायमूर्ती भगवतींनी लिहिले. त्याआधी 1976च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज मुळातच रद्द ठरवले होते. म्हणजे वहीतली ती रक्कम कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. तरीही माणूस तिच्यापायी पाण्यावर राहतो, कारण कायदा वहीपर्यंत पोहोचलेला नसतो.

ही गोष्ट आपल्याच मुलखाची नाही. 2015 मध्ये इंडोनेशियातील बेंजिना बेटावर ब्रह्मदेशाचे खलाशी पिंजऱ्यात कोंडलेले पत्रकारांना आढळले. त्यांनी पकडलेली मासळी थायलंडमार्गे अमेरिकेच्या दुकानांत जात होती. पुढे दोन हजारांहून अधिक माणसे सुटली. तिथला गिऱ्हाईक आणि भिगवणच्या खानावळीतला मी यांत फरक एवढाच, की माझा मासा जवळून येतो. जवळून आलेल्या गोष्टीविषयी अजाण राहणे अधिक कठीण असायला हवे. मला मात्र ते सोपे गेले.

मासा सोडावा काय? एका मित्राने सोडला. मला ते पटले नाही. स्वतःच्या होडीने, स्वतःच्या जाळ्याने मासे धरणारे भोई त्याच पाण्यावर आहेत. माझ्या उपवासाने त्यांची चूल विझायची आणि मुकादमाला पत्ताही लागायचा नाही. शिवाय अशा त्यागात आपले हात धुऊन घेण्याची घाई अधिक असते, असा मला संशय आहे. पण खात राहायचे तर विचारायला हवे, एवढे कबूल केलेच पाहिजे.

म्हणून परवा गणेश पेठेच्या मासळी बाजारात विचारून पाहिले. पिशवी पुढे करीत म्हटले, "हा मासा कोणी धरला हो?"

मावशींनी कोयत्यावरचा हात थांबवला. माझ्याकडे पाहिले. "भिगवणची गाडी आहे, काका. पहाटेच आली. ताजा आहे."

"गाडी नव्हे. माणूस कोण?"

"ते आम्हांला कुठून कळणार?" त्या म्हणाल्या आणि खवले काढू लागल्या. मग जरा वेळाने, मान वर न करता, "गाडीवाल्याला विचारते उद्या."