बाकावरचा मुलगा



पाऊस ओसरला की आपल्या अमरावती-अकोल्याकडच्या मैदानांवर पुन्हा फुटबॉल दिसू लागतो. मंडळांच्या बैठका होतात, वर्गणीच्या पावत्या फाटतात, नव्या जर्सीचा रंग ठरतो. या सगळ्या गडबडीत एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही : आपण हा क्लब नेमका कोणासाठी चालवतो?

हा प्रश्न मला फार उशिरा पडला. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मंडळाच्या मुलांचा सराव घेत असे. त्यात एक मुलगा होता. चेंडूवर त्याचा ताबा बेताचाच होता, धावणेही संथ. पण दोन वर्षांत त्याने सराव चुकवला नाही. चेंडूत हवा भरणे, चुन्याच्या रेषा मारणे, पाण्याचा कॅन आणणे ही कामे कोणी न सांगता तोच करी. सामन्याच्या दिवशी तो बाकावर बसे.

एका उपांत्य सामन्यात आम्ही तीन गोलांनी पुढे होतो. दहा मिनिटे उरली होती. त्या दिवशी त्याचे वडील मजुरी बुडवून आले होते. मला म्हणाले, "पोरगं खेळते म्हणे, म्हून पाह्याले आलो जी." मी हसून मान डोलावली, आणि तरीही त्याला मैदानात उतरवले नाही. कारण विचाराल तर सांगण्यासारखे काहीच नव्हते. जिंकत असलेला संघ बदलू नये, एवढीच सवय. आम्ही अंतिम सामनाही जिंकलो. तो मुलगा पुढच्या सोमवारपासून आला नाही, आणि तो का आला नाही हे विचारायला मी त्याच्या घरी गेलो नाही.

माझी चूक तंत्राची नव्हती. साधन काय आणि साध्य काय, याचीच माझ्या मनात अदलाबदल झाली होती. चषक हे मुलांना एकत्र आणण्याचे, त्यांच्याकडून मेहनत करवून घेण्याचे साधन आहे. मी मुलांनाच चषकाचे साधन केले. तो चषक पुढे मंडळाच्या कपाटात जुन्या रजिस्टरांच्या मागे धूळ खात पडला.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. स्पर्धा वाईट, जिंकण्याची इच्छा वाईट, असे म्हणणे सोपे आहे आणि खोटेही आहे. शालेय स्पर्धांत ठराविक पातळी गाठली तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ज्या घरी दोन एकर कोरडवाहू कपाशीशिवाय काही नाही, त्या घराला मुलाचे प्रमाणपत्र म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. अशा गुणी मुलाला मागे ठेवणे हाही अन्यायच. शिवाय मुलांना फसवी स्तुती लगेच कळते. हरणे-जिंकणे काढून टाकले तर खेळातला जीवच निघून जातो.

मग मार्ग कोणता? मला वाटते, संघ आणि क्लब या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. संघ अकरांचा असतो, तिथे निवड करावीच लागते. क्लब मात्र येणाऱ्या प्रत्येकाचा असतो. निवड होणे हा कोणाचा हक्क नाही, पण खेळायला मिळणे हा क्लबमध्ये आलेल्या प्रत्येक मुलाचा हक्क आहे. आपण बहुतेक ठिकाणी क्लबच्या नावाखाली फक्त संघ चालवतो आणि उरलेल्यांना प्रेक्षक करून टाकतो.

याबाबत शिकण्यासारखे उदाहरण आपल्या शेजारी, नागपूरला आहे. हिस्लॉप कॉलेजमधील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली पावसात झोपडपट्टीतील मुलांना एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिले. त्यातून 'झोपडपट्टी फुटबॉल' सुरू झाले, जे पुढे 'स्लम सॉकर' म्हणून जगभर ओळखले गेले. २०२२ साली आलेला 'झुंड' हा चित्रपट त्यांच्याच जीवनावर बेतलेला आहे.

चित्रपटापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते त्या कामाचे बदलत गेलेले रूप. आरंभ स्पर्धा भरवण्यापासून झाला. पण स्पर्धा चार दिवसांची असते, आणि मुलाचे आयुष्य उरलेल्या दिवसांतही चालूच राहते. म्हणून पुढे वर्षभराचे प्रशिक्षण आले, खेळाच्या जोडीला अभ्यास आणि आरोग्याचे शिक्षण आले, मुलींसाठी वेगळे प्रयत्न झाले. या कामाला २०१६ साली फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. तो किती गोल केले यासाठी नव्हता. खेळाचे दार किती जणांसाठी उघडले, यासाठी होता.

दुसरे उदाहरण दूरचे, कोलंबियातील मेडेलिन शहराचे. १९९४ च्या विश्वचषकात स्वतःच्याच संघावर गोल झाला, आणि मायदेशी परतल्यावर आंद्रेस एस्कोबार या खेळाडूची त्या शहरात गोळ्या घालून हत्या झाली. एका पराभवाची एवढी किंमत! त्यानंतर तिथल्या हिंसाग्रस्त वस्त्यांत काहींनी फुटबॉलचीच पद्धत बदलून पाहिली. मुले-मुली एकाच संघात खेळत, आणि पहिला गोल मुलीने करायचा असा नियम होता. पंच नसे. सामन्याआधी दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवत, आणि सामन्यानंतर पुन्हा बसून कोण कसे वागले याचा हिशेब करत. गोलांबरोबर सचोटीलाही गुण मिळत. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. तिथेही जिंकण्याची धडपड आहे. फक्त कशाला जिंकणे म्हणायचे, ते मुले स्वतः ठरवतात.

खेळाने माणूस घडतो, हा विचार आपल्याला परका नाही. १९१४ पासून अमरावतीत उभे असलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याची साक्ष आहे. तिथल्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. आणि याच मातीतले गाडगेबाबा संध्याकाळी कीर्तन करण्याआधी दिवसा गाव झाडून काढत. त्यांच्या लेखी झाडणे हे कीर्तनाहून हलके नव्हते. आमच्या बाकावरचा मुलगा चुन्याच्या रेषा मारत होता, पाणी भरत होता. आम्ही मात्र ते काम खेळाच्या हिशेबात कधी धरलेच नाही.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. सकाळपासून राबलेल्यांना शेवटी आलेल्यांएवढीच मजुरी मिळते आणि ते कुरकुरतात. लहानपणी मलाही त्यांचे म्हणणे बरोबर वाटे. आता दुसरी गोष्ट दिसते : शेवटपर्यंत चौकात उभे राहिलेले लोक आळशी नव्हते, त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. आपल्या मैदानाच्या कडेला उभी असलेली मुले अशीच आहेत. त्यात मुली आहेत, पेरणीच्या दिवसांत घरच्या कामामुळे सराव चुकणारी मुले आहेत, बूट नाहीत म्हणून लांब थांबणारी मुले आहेत.

म्हणून या हंगामाआधी प्रत्येक मंडळाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मागच्या वर्षी आलेल्या मुलांपैकी किती जणांना सामन्यात प्रत्यक्ष खेळायला मिळाले? किती मुले सोडून गेली, आणि त्यांच्या घरी आपल्यापैकी कोण जाऊन आले? आणि वर्गणीतला किती पैसा चषकावर गेला, किती चेंडू आणि बुटांवर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाढवायला खर्चही फारसा नाही. पाच-पाच जणांचे छोटे संघ केले की एकाच मैदानावर चाळीस मुले खेळतात आणि प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो. अकरांचा संघही त्यांतूनच निवडता येतो.

पालकांनाही विनंती आहे. सामन्याहून परतलेल्या मुलाला "जिंकलात का?" हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला विचारा, "आज कोणाकोणासोबत खेळलास?"

दोन वर्षांपूर्वी बडनेरा स्टेशनवर एका गृहस्थाने मला वाकून नमस्कार केला. तोच मुलगा, आता बाप झालेला. मागच्या गोष्टीबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. आपल्या मुलाला फुटबॉलची आवड आहे म्हणाला. मी एका क्लबचे नाव सुचवले. त्याने थोडे थांबून विचारले, "सर, तिथं सगळ्यांना खेळायला घेतात का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. या हंगामात ते उत्तर आपण सगळे मिळून तयार करू या.