थांबणारे हात

गजानन माउली, लेकीला नववा लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती वरवट बकालला आली आहे. श्रावणात, तुझी पालखी पंढरपूरहून परतून शेगावात पोचेल त्या सुमाराला, तिचे दिवस भरतील. तुझ्या दारी लोक नोकरी मागतात, पाऊस मागतात, कुणी लेकरू मागतं. मी दवाखाना मागायला बसले आहे.

घरात सगळ्यांनी एकच नवस बोलला आहे, नॉर्मल होऊ दे. मीही तेच मागते, पण तेवढं मागून मला उठवत नाही. बाळ कसं यायचं ते तू ठरवशील. पण त्या रात्री माझी पोरगी कुणाच्या हाती असेल, ते आम्हाला ठरवायचं आहे, आणि ते ठरवायची बुद्धी तू दे.

गावात ग्रामीण रुग्णालय आहे. शेगाव पूर्णा नदीच्या पलीकडे, त्याच्या पुढे खामगाव, आणि अकोल्याला गेलं तर स्त्री रुग्णालयही आहे, मेडिकल कॉलेजही. जाऊबाई म्हणतात, खासगीत न्या, वेगळी खोली मिळते. दीर म्हणतात, थेट अकोला गाठा, जोखीम नको. आशाताई म्हणते, "काकू, आधी कार्ड घेऊन आपल्या दवाखान्यात तर चला." सगळी मायेनंच बोलतात, म्हणून कुणाचं मोडवत नाही. लेक मात्र दवाखान्याचं नावच घेत नाही. रात्री मी तिचे पाय चेपत असताना तिनं एवढंच म्हटलं, "माय, मले तिथं एकटीले नको ठेवू व."

देवा, तिचं हे एक वाक्य माझ्या सगळ्या प्रश्नांच्या वर ठेव. प्रसूतीच्या खोलीचं दार लागतं, नातेवाईक बाहेर बाकावर बसतात आणि आत वीस-बावीस वर्षांची पोरगी अनोळखी माणसांत कळा सोसते, हे आपण इतकी वर्षं चालवून घेतलं. 2016 मध्ये केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांत कळांच्या वेळी एक सोबतीण आत राहू द्यायची मुभा दिली. तिनं स्वतः बाळंतपण सोसलेलं असावं, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि तिनं डॉक्टर-सिस्टरच्या कामात पडू नये, अशा अटी. त्या मी पाळीन. मला तिच्या कमरेवर हात ठेवायचा आहे, घोटभर पाणी पाजायचं आहे, आणि कळ ओसरली की "झालं बाई, ही गेली" एवढं म्हणायचं आहे. ज्या दवाखान्यात हे चालतं तो दाखव. जिथं चालत नाही, तिथं हात जोडून पण ठामपणे विचारायची हिंमत दे.

बाईनं आपला दवाखाना निवडणं हे काही आजचं खूळ नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात बायका बाळंतज्वरानं कितीतरी जास्त मरत. शहरातल्या गरीब बायकांना ते ठाऊक होतं. आम्हाला दुसऱ्या विभागात घ्या म्हणून त्या गुडघे टेकून विनवत. एप्रिल 1847 मध्ये पहिल्या विभागात शंभरात 18 बायका गेल्या. मग सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या ध्यानात आलं की विद्यार्थी प्रेतं चिरून थेट बाळंतिणीकडे येतात. त्यानं सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि जूनपर्यंत तो आकडा दोनाच्या घरात आला. देवा, त्या बायकांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांची भीती खरी निघाली. माझ्या लेकीच्या भीतीकडे कुणी "पहिलटकरीण आहे, घाबरते" म्हणून पाहू नये. आणि तिला हात लावणारा प्रत्येक हात आधी साबणानं धुतलेला असू दे.

मला थांबणारी माणसं दे. पहिलटकरणीला वेळ लागतो. गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना हिशेब सगळ्यांना लागू होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये सांगितलं. खऱ्या जोराच्या कळा पाच सेंटीमीटरपासून धरायच्या, आणि तिथून पुढे पहिल्या खेपेला बारा तासही लागू शकतात. तेवढा वेळ बाळाचे ठोके ऐकत, बाईची नाडी आणि बीपी बघत, कागदावर नोंद करत बसायचं, हे कष्टाचं काम आहे. ड्यूटी संपत आली म्हणून, खाट रिकामी हवी म्हणून सलाईनमधून कळांचं औषध सोडायची घाई ज्यांना होत नाही, अशांच्या पदरात तिला घाल. ते तिला चालू देवोत, भिंतीला टेकून उभी राहू देवोत, उताणंच झोप म्हणून कुणी दरडावू नये. गरज नसताना कात्री लावू नये. बाळ बाहेर आल्यावर निदान एक मिनिट नाळ तशीच राहू देवोत, त्याला पुसून तिच्या उघड्या छातीवर ठेवोत, आणि तासाभराच्या आत ते अंगावर पिऊ दे.

सिझरचा राग नाही मला. ज्या बाईचा आणि बाळाचा जीव त्यानं वाचला, तिच्या घरी ते तुझंच देणं आहे. पण 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात शंभरातली साडेएकवीस बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारी दवाखान्यांत 14 आणि खासगीत 47, हे वाचून माझ्या पोटात कालवलं. बायांची हाडं तीच, गर्भ तोच, मग दार बदललं की एवढा फरक का पडावा? अडलेली बाई मोठ्या दवाखान्यात जास्त जाते हे मला समजतं, पण तेवढ्यानं हा हिशेब जुळत नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंना सरळ विचारता येऊ दे, की तुमच्याकडच्या पहिलटकरणींपैकी किती जणी नॉर्मल मोकळ्या होतात, आणि सिझर ठरवता ते कशावरून. प्रश्न ऐकून ज्या रागावणार नाहीत, खुर्ची पुढे ओढून समजावून सांगतील, त्यांच्यावर मी निर्धास्त विश्वास टाकीन.

आणि माउली, कधी थांबू नये हे कळणारी माणसंही तीच असू देत. हे मी पहिल्या मागण्याइतक्याच कळकळीनं मागते. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या अमेरिकेला जाऊन 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, आणि पदवीसाठी प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावर. घरातल्या बाळंतपणाच्या गोड आठवणी सांगणाऱ्यांनी त्या दहा दिवसांचीही आठवण ठेवावी. वार पडल्यावर रक्त थांबलं नाही तर घड्याळाचा काटा वैरी होतो. तिथं औषध हाताशी हवं, रक्ताची बाटली कुठून येणार ते आधी ठरलेलं हवं. रात्री दोन वाजता बाळाचे ठोके पडू लागले तर भूलतज्ज्ञ आहे का, नसेल तर कुठं पाठवणार आणि गाडी किती वेळात दारात येणार, हे मला आजच कळू दे.

आमच्या पाण्याचं तर तुला सांगायला नको. हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. खारं पाणी पिऊन इथली माणसं किडनीच्या दुखण्यानं किती झिजली, ते तू पाहतोस. म्हणून पोरीच्या पायावर सूज दिसली की "पाणी बाधलं असंल" म्हणून कुणी सोडून देऊ नये. तोंडावर सूज आली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तर त्याच घटकेला बीपी तपासायला नेण्याचं भान घरातल्या प्रत्येकाला दे, पुरुषांना सुद्धा.

पाऊस शेतापुरता दे रे. जुलै 2023 मध्ये आमच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत ढगफुटीसारखा कोसळला, नदी-नाले गावांत शिरले, रस्ते तुटले. अशा रात्री अकोल्याचा मोठा दवाखाना कितीही चांगला असला तरी पूर्णा ओलांडल्याशिवाय तो आमचा नाही. माझं मन आता इथवर आलं आहे, की सगळं ठीक असेल तर कळा गावातल्याच दवाखान्यात, माझ्या डोळ्यांपुढं काढाव्यात. आणि तपासणीत जरा जरी खोट दिसली, तर कळा सुरू व्हायच्या आधीच नदीपलीकडे जाऊन राहावं. हे बरोबर असेल तर माझं मन घट्ट कर. चूक असेल तर कुणाच्या तरी तोंडून वेळेत सांग.

पैशाची काळजी तू बरीच हलकी केली आहेस. सरकारी दवाखान्यात 2011 पासून बाळंतपण फुकट आहे, सिझर झालं तरी फुकट. औषधं, रक्त, जेवण, घरून न्यायला आणि परत सोडायला 102 ची गाडी, यातलं काही मागताना बाईला मिंधं वाटू नये. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून, अंबाबरव्याच्या जंगलाकडून ज्या पोरी पोट सांभाळत खाली येतात, त्यांना निवडायला दुसरा दवाखाना नसतो. त्यांना मिळणारा एकच दवाखाना चांगला असू दे. रात्रपाळीच्या सिस्टरच्या डोळ्यांत झोप असली तरी तिच्या बोलण्यात धार नसू दे. तिलाही कुणी चहा विचारो.

उद्या नऊ तारीख. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर स्वतः गरोदर बायांना तपासतात. आम्ही दोघी सकाळीच जाणार आहोत. कार्ड, जुनी सोनोग्राफी, रक्ताचा रिपोर्ट पिशवीत भरून ठेवला आहे. बोलणार तीच आहे, मी तिच्या मागे उभी राहीन. सगळ्यात आधी तिला विचारायचं आहे, "माझी माय आत येऊ शकते का?" तिचा आवाज अडखळू देऊ नकोस, गजानना, आणि खुर्चीतल्या माणसाला तिच्याकडे बघून उत्तर द्यायला लाव.