उद्याचा तास आजच्या वहीत

बार्शी

चि. सोनूस,



तुझं पत्र मिळालं. नववी अ, नववी ब आणि दहावीची एक तुकडी, तिन्हीकडे गणित, वर्गात साठ-साठ मुलं आणि दर सोमवारी मुख्याध्यापकांपुढे टाचणवही. ‘मावशी, वह्यांचा ढीग संपतच नाही गं,’ असं तू लिहिलं आहेस. पत्राचा सूर थकल्याचा आहे, पण कंटाळल्याचा नाही, म्हणून मला तुझी काळजी वाटत नाही. ढिगाची मात्र वाटते, कारण असल्या ढिगाखाली चांगले शिक्षक दबून गेलेले मी पाहिले आहेत. वर्षभरात त्यांचं शिकवणं सुटतं आणि नुसतं लाल पेन चालत राहतं.

म्हणून आधी गृहपाठाचंच बोलू. जेवढं दुसऱ्या दिवशी तुला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल, तेवढाच गृहपाठ द्यायचा. तीन वर्गांच्या मिळून 180 वह्या. एका वहीला एकच मिनिट धरलं तरी तीन तास लागतात, आणि एका मिनिटात बरोबरची खूण करून सही ठोकण्यापलीकडे काही होत नाही. ‘आख्खा सरावसंच सोडवून आणा’ हे वाक्य फळ्यावर लिहायला सोपं आहे. त्याचं पुढे काय होतं ते सकाळी प्रार्थनेच्या घंटेआधी व्हरांड्यात जाऊन बघ. एका वहीवर चारजण वाकलेले असतात, कुणाच्या मांडीवर गाईड उघडं असतं, आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा उत्तरं आधी लिहून मधल्या पायऱ्या नंतर भरत असतो. या मुलांना मी आळशी म्हणणार नाही. जे काम बाई वाचणार नाहीत हे त्यांना ठाऊक आहे, ते काम ती उरकून टाकतात. मोठी माणसंही तेच करतात.

रोज दोन गणितं पुष्कळ झाली. एक आज शिकवलेल्यातलं आणि एक मागल्या महिन्यातलं. ते मागलं सोडू नकोस. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवून दिलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, आणि मध्ये अंतर ठेवून पुन्हा घोकलं तर टिकतं. आपली पुस्तकं प्रकरणाप्रमाणे चालतात. संच जूनमध्ये होतात, ते थेट परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुन्हा उघडतात. मधली भर तुलाच घालावी लागेल, आणि त्यासाठी रोजच्या एका जुन्या गणितापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

दुसरं म्हणजे, गृहपाठाची सुरुवात वर्गातच व्हायला हवी. पस्तीस मिनिटांच्या तासातली शेवटची सात-आठ मिनिटं त्यासाठी राखून ठेव. पहिलं गणित तिथेच सुरू करायला सांग आणि तू बाकांमधून फीर. बोलू नकोस, फक्त वह्यांत बघ. पहिली पायरीच जमत नाही अशी मुलं तुला तिथल्या तिथे दिसतील. घरी गेल्यावर त्यांना विचारायला कुणी नसतं. पहिली ओळ वर्गात लिहून झालेला मुलगा दुसरी ओळ घरी लिहितो. कोरं पान घेऊन गेलेला कोरंच घेऊन येतो.

तपासायला बाकांच्या रांगा उपयोगी पडतात. सोमवारी पहिली रांग, मंगळवारी दुसरी, असं केलंस की एका वर्गाच्या रोज दहा वह्या होतात, आणि त्या तुला खरोखर वाचता येतात. बाकीच्यांनी उत्तर फळ्यावरून पडताळायचं. रांगांचा क्रम मधूनमधून बदल, म्हणजे ‘आज आपली रांग नाही’ असं कुणी धरून चालणार नाही.

वही वाचायची म्हणजे काय, ते एका गणितावरून सांगते. नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणं येतात. समज, तू दिलंस: क्ष + य = 7 आणि 2क्ष − 3य = 9. मुलगी पहिल्यावरून क्ष = 7 − य लिहिते आणि दुसऱ्यात ठेवते: 2(7 − य) − 3य = 9. इथवर सगळं बरोबर. पुढची ओळ ती लिहिते 14 − य − 3य = 9. दोनाने साताला गुणलं, य तसाच राहिला. मग तिचं य येतं सव्वा आणि क्ष येतो पावणेसहा. खरं उत्तर य = 1, क्ष = 6. आता तू फुली मारलीस, तर ती घरी जाऊन म्हणेल, ‘मला समीकरणं येत नाहीत.’ तिला समीकरणं येतात. तिचा कंस सोडवायचा राहिलेला आहे, आणि तो मागच्याच इयत्तांत कुठेतरी राहिला आहे. दहा वह्यांपैकी चारांत हीच चूक सापडली, तर दुसऱ्या दिवशीच्या तासाची पहिली दहा मिनिटं कंसाला द्यायची. टाचणात ‘सरावसंच पुढे चालू’ लिहिलेलं असलं तरी द्यायची. उद्या काय शिकवायचं हे ठरवायला त्या दहा वह्यांइतकं खात्रीचं दुसरं काही तुझ्यापाशी नाही.

याच गणितात आणखी एक गंमत आहे. ती मुलगी हुशार असेल तर ताळा करून बघेल: पावणेसहा अधिक सव्वा, सात. जुळलं! तिला वाटेल बरोबर आलं. पण क्ष तिने पहिल्या समीकरणातूनच काढला आहे, तेव्हा पहिलं समीकरण जुळणारच. य कितीही चुकीचा असला तरी जुळेल. ताळा दुसऱ्यात करायला हवा. तिथे साडेअकरा वजा पावणेचार, म्हणजे पावणेआठ येतात, नऊ येत नाहीत. हे मुलांना सांगू नकोस, त्यांच्याकडून काढून घे. ‘हिचा ताळा जुळतो, तरी उत्तर चूक आहे. कसं काय?’ एवढाच प्रश्न फळ्यावर लिही आणि मुलीचं नाव न घेता तिची मांडणी शेजारी उतरव. अख्खा तास यात गेला तरी वाया गेला म्हणू नकोस. ताळा कुठे आणि का करायचा हे कळलेलं मूल पुढे बाईंशिवायही स्वतःची वही तपासू शकतं, आणि गणित शिकवण्याचा निम्मा हेतू तोच आहे असं मला वाटतं.

प्रश्न विचारलास की थांबत जा. अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी 1970 च्या दशकात विज्ञानाचे तास ऐकून मोजलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं आढळलं. तेच तीनेक सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ म्हणणारी मुलं कमी होतात आणि एरवी गप्प बसणारी बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे फार नाहीत, पण साठ मुलांसमोर ते फार वाटतात. पहिल्या बाकावरचा हात वर असेल आणि तोंडातून उत्तर सांडायच्या बेतात असेल, तेव्हा त्याला डोळ्यांनीच थांबव. वर्ग त्या एका मुलाच्या वेगाने चालायला लागला, की मागचे तीस जण दप्तर आवरायला घेतात.

वहीत काय लिहायचं, हेही तू विचारलं आहेस. दहापैकी सहा, दहापैकी चार असले आकडे रोजच्या कामाला घालू नकोस. रूथ बटलर यांनी 1988 साली इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढचं काम सुधारलं ते नुसता शेरा मिळालेल्यांचं. दोन्ही मिळालेल्यांचं सुधारलं नाही. गुण दिसला की मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं, शेरा वाचतच नाही. पण ‘छान’, ‘सुधारणा हवी’, ‘अक्षर सुधार’ यांना मी शेरा म्हणत नाही. ‘तिसऱ्या ओळीत कंस पुन्हा सोडव आणि मला दाखव’ हा शेरा. त्यात काय चुकलं त्याची जागा आहे आणि मुलाला पुढे करायचं कामही आहे. दहा वह्यांनाच लिहायचं असल्यामुळे तुला ते जमेल. दुसऱ्या दिवशी त्याने दाखवलं की नाही हे मात्र विसरू नकोस. नाहीतर शेराही सहीसारखाच होतो.

आता ज्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, तिच्याकडे येते. ‘काही मुलं गृहपाठ कधीच करत नाहीत.’ तू बीड जिल्ह्यात आहेस. दसरा झाला की तुझ्या आसपासच्या वाड्यावस्त्या ओस पडायला लागतील. उचल घेतलेली कुटुंबं उसाला जातील, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततील. तुझ्या नववीतल्या काही मुलांचे आईबाप तिकडे असतील आणि ती आजीपाशी राहतील. काही स्वतःच जातील. आजीपाशी राहिलेली मुलगी पहाटे पाणी भरते, भाकरी थापते, धाकट्याला शाळेत पोचवते आणि मग तुझ्या वर्गात येते. तिची वही कोरी दिसली, तर कारण विचारण्याआधी तिचा दिवस विचार. तिच्यासाठी मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटं आणि वर्गाचा कोपरा मोकळा ठेव, तिथे ती दोन गणितं करेल. गृहपाठ घरीच केला पाहिजे असा काही नियम नाही. जी मुलं जाणार आहेत, त्यांच्या हाती जाण्याआधी एक पातळ वही दे, त्यात आठवड्याला चार गणितं तुझ्या अक्षरात लिहिलेली असू देत. परत आल्यावर ती वही आधी माग, हजेरी नंतर. सगळे भरून आणणार नाहीत. जे आणतील, त्यांचं वर्ष वाचेल.

शिक्षेचं नाव काढू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. तो कायदा आठवीपर्यंतचा, नववीला लागू नाही, असं शिक्षकखोलीत कुणी म्हणालं, तर तू ते मनावर घेऊ नकोस. चौदाव्या वर्षी जे वाईट, ते पंधराव्या वर्षी चांगलं होत नाही. गणित दहा वेळा लिहून आणायला लावणं हीसुद्धा शिक्षाच. त्यातून मूल हात चालवायला शिकतं आणि गणिताचा राग करायलाही.

टाचणाबद्दल तुझी तक्रार मला पटते, तरी टाचण लिही. साहेबांसाठी उजव्या पानावर घटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साधनं, सगळं रीतसर असू दे. डावं पान स्वतःसाठी ठेव. तास संपल्यावर, पुढच्या वर्गात शिरण्याआधी, तिथे दोन ओळी लिही: कुठे अडलं, कोण अडलं. ‘नववी ब, कंस, खिडकीकडची रांग.’ एवढं पुरतं. पुढच्या जूनमध्ये हाच धडा घेशील, तेव्हा बाजारातल्या कुठल्याही मार्गदर्शिकेपेक्षा ते पान तुझ्या कामी येईल.

दहावीला पोर्शनची घाई असते, हे मी जाणते. 80 गुणांची लेखी परीक्षा डोक्यावर असते. पण उरलेले 20 अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत आणि त्यात गृहपाठ धरला जातो. ते गुण सरसकट वाटून टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी पडली आहे. माझ्या मते तो मुलांवर अन्याय आहे. ज्याने वर्षभर वही भरली त्याला आणि ज्याने फेब्रुवारीत मित्राची वही उतरवली त्याला आपण एकाच मापाने मोजतो, आणि हे दोघांनाही कळतं. तू रांगेप्रमाणे वह्या पाहिल्यास, तर वर्षाअखेर तुझ्यापाशी प्रत्येकाची खरी नोंद असेल. त्या नोंदीवरून गुण दे. कुणी दडपण आणलं तर डावं पान दाखव.

हे सगळं एका आठवड्यात करायला जाऊ नकोस. आधी नववी ब घे, तीच तुला जड जाते आहे. रोज दोन गणितं आणि दहा वह्या, एवढंच पहिल्या घटक चाचणीपर्यंत कर. दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा फराळाच्या डब्याबरोबर त्या वर्गाच्या पाच वह्या घेऊन ये. चांगल्या निवडून आणू नकोस, हाताला येतील त्या आण. आणि ती टाचणवहीही आण. डाव्या पानांसकट.

तुझी,
मावशी