सायकल कुणाची?

पुतण्याला चिखलदऱ्याच्या घाटात ट्रायथलॉनचा सराव करायचा होता. नवशिक्यांची म्हणे छोटी शर्यत असते: 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, वर 5 किलोमीटर पळणं! (आम्ही पासबुक भरतानाच धापा टाकतो.)

घरात दोन जुन्या रेसिंग सायकली. कैलासवासी दादाच्या सायकलीची चाकं, गिअर उत्तम, पण सांगाड्याला चीर. माझा सांगाडा धड, बाकी सगळा आनंद. मिस्त्री म्हणाला, "चाकं बसतीन भाऊ. पण तुमची 27 इंची, हे 700वाले. ब्रेकचे रबर 4 मिलिमीटर खाली घ्या लागतीन."

घेतले. बसले. मग पुतण्यानं विचारलं, "काका, आता ही बाबांची की तुमची?"

मी बी.कॉम. जमा-नावे मांडून पाहिलं, ताळा जुळेना. थीसियसच्या जहाजावरून हाच वाद प्लुटार्कनं लिहून ठेवलाय. आणि ज्या कीचकाला भीमानं इथल्या दरीत फेकलं म्हणतात, त्याचे हातपाय तर धडात असे कोंबले होते की कुठलं काय, ओळखू येईना. सांगाडा माझा, सबब सायकल माझी, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण दादाचा रिकामा सांगाडा भिंतीला टेकला होता, तिकडे बघवेना.

वहिनी आतून आल्या. "भाऊजी, घंटी तेवढी ह्यांची लावा."

रेसिंगच्या सायकलीला घंटी नसते, हे मी बोललो नाही. मिस्त्रीकडे पाना मागितला.