अक्षराचें ऋण आणि घराचें कर्तव्य

जून महिना अर्धा सरला, पहिल्या पावसानें जमीन भिजली, म्हणजे आपल्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांचीं दारें उघडतात. नवीं पुस्तकें हातांत घेऊन मुलें वर्गांत जाऊन बसतात आणि आईबाप निश्चिंत मनानें शेताची वाट धरितात. पुढें एखाद्या संध्याकाळीं गुरुजी घरीं येऊन विचारतात, "मुलगी घरीं कांहीं वाचते का?" तेव्हां चुलीपुढची आई पदर सांवरून म्हणते, "गुरुजी, आम्ही अडाणी माणसं. आम्हांला त्यातलं काय कळतंय? तुम्ही शिकवाल तेवढं खरं." हें उत्तर आम्हीं पुष्कळ घरांत ऐकिलें आहे. त्यांत नम्रता आहे यांत शंका नाहीं. परंतु, वाचकहो, त्या नम्रतेच्या आड एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच विचार आज आपण करावा अशी आमची इच्छा आहे. मूल शाळेंत घातलें म्हणजे आईबापांचें कर्तव्य संपतें काय? आणि ज्याला स्वतः वाचितां येत नाहीं, त्याच्यावर मुलाच्या वाचनाची कांहीं जबाबदारी असूं शकते काय?

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. सन २००२ मध्यें भारताच्या राज्यघटनेंत ८६ वी दुरुस्ती झाली. तिनें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला, आणि त्याबरोबरच मुलाला शिक्षणाची संधि देणें हें आईबापांच्या व पालकांच्या मूलभूत कर्तव्यांत घातलें. पुढें सन २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. मुलाचें नांव शाळेंत घालणें हें प्रत्येक पालकाचें कर्तव्य होय, असें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. परंतु कायद्याचा हात एवढ्यापर्यंतच पोहोंचतो. मुलाचें नांव पटावर आहे कीं नाहीं हें सरकारास पाहतां येतें. रात्रीं जेवण झाल्यावर त्याचें वाचन कोणी ऐकिलें कीं नाहीं, हें सरकारास पाहतां येत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच पाहावयाचें असतें.

कोणी म्हणेल, शाळा आहे, शिक्षक आहेत, मग घराचें इतकें काय अडलें आहे? यासाठीं थोडा हिशेब करूं. पहिली ते पांचवीच्या वर्गांना वर्षांत किमान २०० दिवस व ८०० तास शिकवावें, असा त्याच कायद्याचा नियम आहे. वर्षाचे एकंदर तास ८,७६०. म्हणजे नियमाप्रमाणें किमान तास भरले व मूल एकहि दिवस न चुकवितां शाळेंत गेलें, तरी त्याच्या अकरा तासांपैकीं एकच तास गुरुजींच्या हातीं येतो. बाकीचे दहा तास घर, शेत, गल्ली व झोंप यांच्या वांट्याला जातात. पेरणाऱ्यानें एक दिवस बीं टाकावें आणि राखणाऱ्यानें पुढले दहा दिवस शेताकडे फिरकूंहि नये, तर त्या पिकाचें काय होईल हें आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं.

शिवाय अक्षर ओळखणें म्हणजे साक्षर होणें नव्हे. सात वर्षें वा त्यांहून अधिक वयाच्या ज्या माणसाला कोणत्याहि एका भाषेंत समजून वाचितां व लिहितां येतें तो साक्षर, अशी आपल्या जनगणनेची व्याख्या आहे. त्यांतला 'समजून' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. फळ्यावरचा 'क' ओळखणारें मूल त्या 'क' नें लिहिलेली गोष्ट कोणाला तरी सांगूं लागतें, तेव्हांच समज येते. आणि सांगावयाला ऐकणारा लागतो. चाळीस मुलांच्या वर्गांत प्रत्येकाचें सगळें ऐकून घेणें गुरुजींना साधत नाहीं. हें काम घरच करूं शकतें.

येथें आमच्या कष्टकरी बंधुभगिनींची तक्रार आम्हांस ऐकूं येते. सन २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत पुरुषांपैकीं शेंकडा सुमारें ८८ व स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ७६ साक्षर आढळल्या. म्हणजे अक्षरांवांचून राहिलेल्या आया व आज्या घरोघर आहेत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणाऱ्या आईला, मुलाजवळ बसून पुस्तक कां घेत नाहींस, असें विचारणें निर्दयपणाचें होईल. तिला शाळा मिळाली नाहीं हा तिचा दोष नव्हे; तो तिच्यावर झालेला अन्याय होय. म्हणून जो दोष तिचा नाहीं तो तिच्या पदरीं बांधावा, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, अक्षर नाहीं म्हणून आपल्याजवळ देण्यासारखें कांहींच नाहीं, असें तिनें मानूं नये.

खानदेशांतल्या बहिणाबाई चौधरींची हकीकत पाहा. त्यांना लिहितांवाचितां येत नव्हतें. शेतांत राबतांना, जात्यावर दळतांना त्या आपल्या बोलींत गाणीं रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव शिकलेले, स्वतः कवि. त्यांनीं व एका आप्तानें तीं गाणीं ऐकून कागदावर उतरून ठेविलीं. सन १९५१ मध्यें बहिणाबाई वारल्या आणि दुसऱ्याच वर्षीं तीं गाणीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. आज तीं शाळेच्या पुस्तकांतून मुलें वाचतात. आतां सांगा, या घरांत देणारा कोण आणि घेणारा कोण? अक्षर मुलाचें होतें, परंतु त्या अक्षरांत भरावयाचें धन आईचें होतें. आपल्या प्रत्येक घरांत बहिणाबाई असेल असें नाहीं. परंतु उखाणे, कोडीं, ओव्या, पेरणीच्या नक्षत्रांचीं नांवें आणि गांवाच्या जुन्या गोष्टी यांचा सांठा ज्या घरांत मुळींच नाहीं, असें घर विरळाच. शाळेंतल्या मुलानें आजीचें एक कोडें वहींत लिहून घ्यावें आणि तिलाच पुन्हां वाचून दाखवावें, एवढा धडा कोणत्याहि घराला परवडतो.

दुसरी अडचण लाजेची आहे. ज्याला आपण बोट धरून चालावयास शिकविलें, त्याच्यापुढें पाटी घेऊन कसें बसावें, असें बापाला वाटतें. आम्ही विचारतों, यांत कमीपणा कोणता? ठाणें जिल्ह्यांत मुरबाड तालुक्यांत फांगणे नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकारानें ८ मार्च २०१६ रोजीं 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडीं नेसून, पाठीवर दप्तर घेऊन, घरचीं कामें आटोपून दुपारीं शाळेंत बसूं लागल्या. शिकविणारी गांवचीच एक सून. ज्या गांवांत सासू सुनेपुढें अक्षर गिरविते, त्या गांवांत शिकण्याची लाज कोणाला वाटेल? यापासून एकदम चमत्कार घडेल अशी आशा मात्र कोणी धरूं नये. राजस्थान व बिहार येथील शेंकडों गांवांत आयांना अक्षरें शिकविण्याचे व मुलांच्या अभ्यासांत त्यांना भागीदार करून घेण्याचे प्रयोग झाले; त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांत आयांची आणि मुलांच्या गणिताची प्रगति झाली, परंतु ती थोडी होती. थोडी झाली म्हणून ती टाकून देण्याजोगी नव्हे.

आतां ज्या गोष्टीविषयीं आम्हांस खरी काळजी वाटते ती सांगतों. घरांत बँकेचा, रेशनचा अगर तलाठ्याचा कागद येतो आणि तो वाचणारें माणूस एकच असतें, पांचवींतलें मूल. बाप म्हणतो, "वाच रे, काय लिहिलंय?" त्या क्षणीं त्या घरांतली सर्व सत्ता मुलाच्या जिभेवर येते. शाळेच्या चिठ्ठींत गैरहजेरीची एक ओळ असते, ती मूल गाळून वाचतें आणि बाप विश्वासानें अंगठा उठवितो. कोणी म्हणेल, पोरखेळ आहे. परंतु आम्हांस तसें वाटत नाहीं. विश्वासानें अंगठा देणाऱ्याला फसविण्याची ही पहिली पायरी होय. मोठेपणीं सावकाराच्या अगर दलालाच्या वहीपाशीं बसून हेंच मूल दुसऱ्याच्या बापाला फसवूं शकेल. कांहीं मुलें तर थोडें शिकतांच आईला "तुला काय कळतं" असें म्हणूं लागतात. ज्या शिक्षणानें मूल आईहून शहाणें होतें पण आईला परकें होतें, तें शिक्षण अपुरें आहे. म्हणून कागद जसा असेल तसा वाचावा, एकहि शब्द गाळूं नये, आणि अर्थ कळला नाहीं तर कळला नाहीं म्हणून सांगावें, हा धडा बाराखडीबरोबरच शिकवावा.

आमच्या वाचकांपैकीं जे गांवोगांव शिकविण्याचें काम करितात, त्यांसहि दोन शब्द. पालकांची सभा दुपारीं बोलावून, कोणी आलें नाहीं म्हणून रागावूं नका. रानांतून माणसें परततात त्या वेळीं ती बोलवा. नुसती चिठ्ठी पाठवूं नका. ती मोठ्यानें वाचून दाखवा. शाळा व्यवस्थापन समितींत निदान तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. त्या स्त्रियांना केवळ सहीपुरतें बोलावणें हा त्यांचा अपमान होय. आणि मुलांदेखत आईबापांस 'अडाणी' असें चुकूनहि म्हणूं नका.

असो. आरंभींच्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें कीं, घराचें कर्तव्य शाळेच्या दारांत संपत नाहीं. तेथून तें सुरू होतें. ज्याला वाचितां येत नाहीं त्यालाहि ऐकतां येतें, विचारतां येतें, आणि मुलाच्या पुस्तकाला घरांत स्वच्छ जागा देतां येते. आईबापांनीं मुलाला शाळा दिली, हें मुलावर ऋण आहे. तें ऋण मुलानें खरें वाचून व आदरानें शिकवून फेडावें. आज रात्रीं जेवणें झाल्यावर घटकाभर मोबाइल बाजूला ठेवा, मुलाला जवळ बसवा, आणि म्हणा, "आज शाळेंत काय वाचलंस, तें मला वाचून दाखव." मग तें वाचून संपेपर्यंत उठूं नका, एवढीच आमची विनंति.