एका वादकानें दोन वाद्यें वाजवावीं काय?

डबल बेस वाजविणाऱ्यानें विजेची बेस गिटारही वाजवावी काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं नीतिशास्त्राच्या कक्षेंत येण्यासारखा दिसत नाहीं. हा धंद्याचा प्रश्न आहे, असें कोणीही म्हणेल. ज्याला पोट भरावयाचें आहे त्यानें गिऱ्हाईक मागेल तें वाद्य वाजवावें, ज्याला तशी निकड नाहीं त्यानें आपल्या आवडीचें वाजवावें, आणि तत्त्वज्ञानानें या भानगडींत पडूं नये. परंतु अमेरिकेंतील जॅझवादकांमध्यें हा वाद ज्या तळमळीनें चालत आला आहे, ती तळमळ केवळ पोटाची नव्हे. पोटाच्या प्रश्नावर माणसें कुरकुरतात. एकमेकांना बाटगे ठरवीत नाहींत. जेथें बाटण्याची भाषा निघते तेथें कोठें तरी धर्माची कल्पना दडलेली असते, आणि ती उकलून पाहणें हें आमच्यासारख्या खडू झिजविणाऱ्यांचें कामच आहे.

ज्यांनीं हीं वाद्यें जवळून पाहिलीं नसतील त्यांच्यासाठीं थोडा तपशील द्यावयास हवा. डबल बेस हें व्हायोलिनच्या कुटुंबांतील सर्वांत थोरलें भावंड. तें साधारण पुरुषभर उंच असतें. वादक तें शेजारीं उभें करून जवळजवळ मिठींत घेऊनच वाजवितो. युरोपीय वाद्यवृंदांत तें बहुधा गजानें वाजतें, जॅझमध्यें उजव्या हाताच्या बोटांनीं छेडलें जातें. त्याला पडदे नाहींत. तारेचा कंप पावणारा भाग सुमारें १०५ सेंटिमीटर लांब, आणि तेवढ्या लांबींत स्वराची जागा केवळ कानानें व हाताच्या सवयीनें शोधावयाची. बेस गिटारचें सर्वच निराळें. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करतां करतां वाद्यांकडे वळलेल्या गृहस्थानें १९५१ सालीं ती बाजारांत आणली. त्याच्या कांहीं वर्षें आधीं सिअ‍ॅटल येथें पॉल टुटमार्क यानें तसा प्रयत्न केला होता, पण तो रुजला नाहीं. फेंडरच्या वाद्याला पोकळ पोट नाहीं. भरीव लांकडाचा देह, त्यावर चुंबक व तारेचें वेटोळें, तारेची लांबी सुमारें ८६ सेंटिमीटर, आणि दांडीवर पडदे. पडद्यांमुळें स्वर अचूक लागतो म्हणून तिचें नांवच 'प्रिसिजन' ठेविलें. तारा मात्र चारच, आणि त्याच स्वरांत मिळविलेल्या. स्वरलेखनाची पद्धतही तीच. मंडळीच्या चालकाला वाटावें कीं हें तेंच वाद्य आहे, फक्त खांद्यावर टाकून नेतां येतें आणि कर्ण्यांच्या व ढोलांच्या कल्लोळांत ऐकूं येतें. दोन्ही सोयी खऱ्या होत्या. मोठ्या नृत्यगृहांत बिचाऱ्या डबल बेसवाल्याचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नसे.

पण तारा सारख्या म्हणून वाद्य सारखें, हा समज फसवा आहे. डबल बेसचा डावा हात एका विशिष्ट वळणानें घडविलेला असतो. व्हिएन्नाच्या फ्रान्त्स झिमान्डल यानें एकोणिसाव्या शतकांत घालून दिलेली पद्धत आजही शिकवितात; तींत खालच्या पट्टींत अनामिका स्वतंत्रपणें वापरीत नाहींत, ती करंगळीला जोड म्हणून असते. जागा एवढ्या दूर कीं एकट्या अनामिकेचें बळ पुरत नाहीं. बेस गिटारवर जागा जवळ, म्हणून प्रत्येक पडद्याला एक बोट हा शिरस्ता. एका हातास हे दोन हिशेब शिकवावयाचे! त्याहून सूक्ष्म भेद स्वराच्या आयुष्याचा आहे. छेडलेला डबल बेसचा स्वर एकदम फुलतो आणि लौकर विरतो. त्या विरण्यामुळेंच पुढच्या स्वराला जागा होते, आणि जॅझमधील ती पावलामागून पाऊल टाकणारी चाल चालती राहते. बेस गिटारचा स्वर रेंगाळतो. तो केव्हां थांबवावयाचा हें वादकाला ठरवावें लागतें. तेथें मौन हेंही हातानें निर्माण करावें लागतें.

मला येथें माझ्या स्वतःच्या धंद्याची आठवण होते. गेलीं तीस वर्षें मी इंग्रजी शिकवितों आणि मराठींत लिहितों. ज्या दोन भाषांत कांहींच साम्य नाहीं त्या एकमेकींना फारसा उपद्रव देत नाहींत. घोटाळा होतो तो सारख्या दिसणाऱ्या वाक्यरचनेंत. मराठी वाक्य लिहितां लिहितां इंग्रजीचा सांगाडा आंत शिरतो आणि लेखकाला पत्ताही लागत नाहीं. चांगला द्विभाषी लेखक दोन्ही भाषा चांगल्या जाणतो एवढेंच पुरेसें नाहीं. दोहोंमधली कुंपणाची रेघ त्याला रोज नव्यानें आंखावी लागते. दोन वाद्यांच्या वादकाचें तसेंच असावें. तेव्हां 'दुसरें वाद्य घेतल्यानें पहिलें बिघडतें' हें म्हणणें अगदींच निराधार नाहीं; पण तें वैद्यकीय सल्ल्यासारखें आहे, धर्माज्ञेसारखें नव्हे. पथ्य सांभाळलें तर बिघडत नाहीं.

धर्माज्ञा म्हणून जी भूमिका मांडली जाते ती निराळी. तिचा आशय असा कीं डबल बेस हें खरें वाद्य व बेस गिटार ही यंत्राची करामत. जो पहिल्याचा उपासक आहे त्यानें दुसऱ्याला हात लावणें म्हणजे स्वधर्म सोडणें. आपल्याकडील वाचकाला लगेच गीतेच्या तिसऱ्या अध्यायांतील स्वधर्म-परधर्माचा श्लोक आठवेल. पण त्या श्लोकांतला धर्म कर्त्याचा आहे, उपकरणाचा नव्हे. शिवाय शुद्धतेचा हा अभिमान बाळगणाऱ्यांच्या हातांतील वाद्य तरी कोठें शुद्ध राहिलें आहे? पूर्वीं डबल बेसला आंतड्याच्या तारा असत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बहुतेक जॅझवादकांनीं पोलादी तारा चढविल्या. पुढें घोडीवर ध्वनिग्राहक बसविला, त्याची वायर वर्धकास जोडली, तारा फळीच्या अधिक जवळ आणल्या. १९७० नंतरच्या दशकांतील कित्येक ध्वनिमुद्रिका ऐकतां उभें वाद्य वाजत आहे कीं आडवें, असा संभ्रम पडतो. लांकडाचा देह तेवढा शिल्लक ठेवून आवाज विजेला विकावयाचा, आणि शेजारच्या गिटारवाल्याला बाटगा म्हणावयाचें, हें मला सोवळें नेसून खाणावळींत जेवण्यासारखें वाटतें.

पडद्यांविषयींच्या आक्षेपाचेंही तेंच. पडदा आला कीं स्वराचा जीव गेला, असें म्हणणाऱ्यांनीं सतारीकडे पाहावें. हार्मोनियमवर हाच आरोप आपल्याकडे अधिक न्यायानें झाला, कारण तींत मींड खरोखरच निघत नाहीं. १९४० सालीं नभोवाणीनें तिला आपल्या दारांतून बाहेर काढलें, आणि ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडलें. पण त्याच पेटींतून गोविंदराव टेंबे काय काढीत हें ऐकणाऱ्यांनीं लिहून ठेविलें आहे. दोष वाद्यांत असतो हें खरें. दोषाशीं झगडण्याची रीत मात्र वादकाची असते. जॅको पास्टोरियस या फ्लोरिडांत वाढलेल्या वादकानें तर आपल्या बेस गिटारचे पडदे उपटून काढले, खांचा लांबीनें भरल्या आणि फळीवर होडीला देतात तसल्या राळेचा थर दिला. १९७६ च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर त्या वाद्याचा जो गाता आवाज ऐकूं येतो तो ना धड गिटारचा ना धड डबल बेसचा. त्याच्याजवळ डबल बेसही होता, पण तेथल्या दमट हवेनें तो तडकला, असें सांगतात.

आतां पोटाचा प्रश्न. तो हलका समजण्याची खोड आम्हां पगारी माणसांना असते. डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन शाळेंत डबल बेस शिकला. तेथील मोटाऊन या ध्वनिमुद्रिका-संस्थेंत तो प्रथम तेंच वाद्य वाजवी. १९६० नंतरच्या दोनचार वर्षांत त्यानें फेंडरची बेस गिटार घेतली, आणि साऱ्या जगानें ज्या गाण्यांवर ताल धरला त्यांतील असंख्य गाण्यांचा पाया त्यानें रचला. वेष्टनावर वादकांचीं नांवें छापण्याची चाल तेथें नव्हती. १९७१ सालीं मार्विन गेच्या मुद्रिकेवर तीं आलीं. उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनें तारा छेडण्याची त्याची रीत डबल बेसवरची होती आणि ती त्यानें शेवटपर्यंत सोडली नाहीं. याला स्वधर्मत्याग म्हणावयाचें काय? मला तर उलट वाटतें: जुन्या वाद्याचा हात नव्या वाद्यांत गेला म्हणूनच तें नवें वाद्य बोलूं लागलें. आपल्याकडेही उदाहरण आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ सारंगियांच्या कुळांतले, स्वतः सारंगी शिकलेले; मिरजेस राहिलेल्या या गवयाच्या गळ्यांतील अखंड स्वराचें मूळ जाणकार त्या गजांत शोधतात. सारंगी सोडली म्हणून त्यांस कोणी दोष दिल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

मुंबईच्या चित्रपटसंगीतांत गोव्याकडच्या ज्या वादकांनीं हयात घालविली त्यांच्यापुढेंही काळ बदलतांच हीच निवड आली. दिवसाच्या ध्वनिमुद्रणावर ज्याचें घर चालतें त्याला 'ही गिटार मी शिवणार नाहीं' असें म्हणण्याची ऐपत क्वचितच असते. त्यानें ती शिकून घेतली तर तो कर्तव्यच करतो. नकाराचें सुख ज्याला परवडतें त्यानें तें भोगावें. पण परवडण्याला सद्गुण म्हणूं नये.

तरीही एक प्रसंग असा आहे कीं तेथें मला नकारामध्यें खरी नैतिक किंमत दिसते. रॉन कार्टर हा १९६३ पासून माइल्स डेव्हिसच्या मंडळींत डबल बेस वाजवीत असे. १९६८ च्या सुमारास डेव्हिसचें मन विजेच्या वाद्यांकडे ओढूं लागलें, आणि त्या वर्षींच्या कांहीं ध्वनिमुद्रणांत कार्टरनें बेस गिटार वाजविलीही. म्हणजे येत नव्हती म्हणून त्यानें ती टाळली असें कोणास म्हणतां येणार नाहीं. त्याच वर्षीं त्यानें मंडळी सोडली. पुढें सत्तरीच्या आरंभीं आणखी कांहीं ठिकाणीं ती वाजविली, आणि मग आपल्या उभ्या वाद्याशींच राहिला. त्याच्या जागीं आलेला डेव्ह हॉलंड १९७० पर्यंत दोन्ही सांभाळीत राहिला, मग तोही गेला, आणि डेव्हिसनें मायकेल हेंडरसन हा मुळांतच बेस गिटारचा वादक आणला. याच सुमारास स्टीव्ह स्वॅलो या नामांकित डबल बेसवादकानें नेमकें उलट केलें: बेस गिटार हातीं घेतली आणि दहाएक वर्षें वाजविलेलें जुनें वाद्य सोडून दिलें. स्टॅन्ली क्लार्क यानें दोन्ही ठेविलीं आणि दोहोंवर नांव मिळविलें.

या उत्तरांत परस्परविरोध आहे असें मला वाटत नाहीं. कार्टरनें, स्वॅलोनें व क्लार्कनें एकच गोष्ट केली: हातांतल्या वाद्यास पुरा न्याय देण्याची आपली शक्ति किती, याचा प्रामाणिक हिशेब मांडला, एकाचा एवढा निघाला, दुसऱ्याचा तेवढा. अप्रामाणिकपणा तिसऱ्याच ठिकाणीं असतो. रात्रीं डबल बेसनें ज्याचें नांव झालें तो दिवसा बेस गिटार 'फावल्या वेळचें काम' म्हणून वाजवितो, तिचा रियाज करीत नाहीं, तिच्या थोर वादकांना ऐकत नाहीं, आणि पैसे मात्र पूर्ण घेतो. किंवा रचनेला उभ्या वाद्याचा विरणारा स्वर हवा हें ठाऊक असून जिना चढण्याच्या कंटाळ्यानें गिटार उचलून नेतो. पहिल्यांत वाद्याचा अपमान आहे, दुसऱ्यांत श्रोत्याची फसवणूक. आणि दोन्ही ठिकाणीं वादकाला पकडणारें बाहेरचें कोणी नसतें. चालकाला पट्टी बरोबर लागली कीं पुरे. आंतला माणूस तेवढा जाणतो.

चालकालाही कांहीं मर्यादा आहेतच. अमुक आवाज मला हवा, असें म्हणण्याचा अधिकार डेव्हिसला होता. तो आवाज कार्टरनेंच दिला पाहिजे, असें म्हणण्याचा नव्हता. त्यानें दुसरा माणूस शोधला हें सभ्यपणाचेंच झालें. पण नोकरीची जाहिरातच 'दोन्ही वाद्यें आवश्यक' अशी निघूं लागली म्हणजे सोय हळूहळू कर्तव्याचा वेष घेते, आणि ज्याचा कल एकाच वाद्याकडे आहे अशा विद्यार्थ्याला आपल्यांत उणीव असल्यासारखें वाटूं लागतें. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईंत पाश्चात्य संगीत वाजवितो. त्यानें हीच तक्रार मजजवळ केली. त्याला मीं विचारलें कीं बेस गिटार तुला आवडत नाहीं कीं ती मागणारे आवडत नाहींत? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, घरीं कोणी नसतांना मी ती वाजवितों."

शिकविणाऱ्यांनीं सक्ती करूं नये, एवढें मात्र मला स्पष्ट दिसतें. अनामिका मोकळी सोडावयाची कीं करंगळीला बांधावयाची, हा निर्णय हाताच्या अंगीं मुरण्यास वर्षें लागतात, आणि त्या वर्षांत दोन्ही हिशेब एकदम सांगितले तर मुलगा दोहोंकडे चुकतो. नंतर त्यानें काय घ्यावें तें त्याच्या कानाला ठरवूं द्यावें.